वडिलांचा शेती यंत्रांचा व्यवसाय पुढे चालवावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वडिलांनी उभा केलेला ट्रॅक्टर व शेती अवजारांच्या विक्रीचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय चालू स्थितीत आहे, वडील आता थकले आहेत, आपले शिक्षण वेगळ्या विषयात झाले आहे आणि धाकट्या भावंडाचा निर्णय अजून व्हायचा आहे. अशा वेळी या व्यवसायात उभे आयुष्य घालवावे का, आणि घालवायचे ठरवले तर तो कशाच्या जोरावर टिकतो, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी याच व्यवसायात वाढलो, वडिलांच्या हाताखाली शिकलो आणि आता तो पुढच्या पिढीच्या हाती सोपवत आहे. माझे उत्तर होकाराचे आहे. मात्र व्यवसाय आतून कसा चालतो हे नीट समजून घेतल्यावरच आपण होकार द्यावा, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शेतीच्या कामाची वेळ निसर्ग ठरवतो. पेरणीजोगा वाफसा फार थोडे दिवस टिकतो, तयार पीक शेतात उभे राहिले की दाणे झडू लागतात, आणि कापून पडलेल्या वैरणीवर पाऊस आला की तिची प्रत जाते. त्यामुळे एरवी महिनोन्महिने शेडमध्ये उभे असणारे कापणी यंत्र नेमक्या त्या दोन-तीन आठवड्यांत बंद पडले, तर शेतकऱ्याचे होणारे नुकसान दुरुस्तीच्या खर्चाच्या कितीतरी पट असते. पहिले यंत्र घेताना शेतकरी किंमत, अश्वशक्ती आणि शेजाऱ्याचा अनुभव पाहतो. दुसरे घेताना मात्र, पहिले ऐन सुगीत बंद पडले तेव्हा कोण धावून आले, एवढेच त्याच्या लक्षात असते. आमच्या व्यवसायातली प्रत्येक गोष्ट, मग ती गोदामातली शिल्लक असो, कारागिरांची संख्या असो, उधारीची मुदत असो की घरातल्या माणसांच्या सुट्ट्या असोत, या थोड्या आठवड्यांच्या तयारीसाठी आखलेली असावी लागते. ज्यांनी ही आखणी जपली ते टिकले, असे मी पाहत आलो आहे.

आता हिशेबाकडे वळू. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की नवे ट्रॅक्टर विकून पैसा मिळतो. प्रत्यक्षात नव्या यंत्रावरचा नफा सर्वांत पातळ असतो, कारण किंमत कंपनी ठरवते आणि सूट मात्र स्पर्धेमुळे विक्रेत्याला आपल्या वाट्यातून द्यावी लागते. सुट्या भागांवर त्याहून बरा आणि कार्यशाळेतील मजुरीवर सर्वांत चांगला नफा सुटतो. समजा, पगार, भाडे, वीज, वाहने, विमा आणि व्याज धरून वर्षाचा ठरलेला खर्च १०० आहे. सुटे भाग आणि दुरुस्ती यांचा ढोबळ नफा मिळून ६० होत असेल, तर उरलेले ४० भरून काढण्यासाठी नवी यंत्रे विकावीच लागतात, आणि दुष्काळाचे किंवा पडत्या बाजारभावाचे वर्ष आले की नेमकी तीच विक्री बसते. हा ६० चा आकडा ९० किंवा १०० वर नेता आला, तर नव्या यंत्रांची विक्री जवळजवळ थांबली तरी दुकान तग धरते. हातात पैसा नसलेल्या वर्षी शेतकरी जुनेच यंत्र दुरुस्त करून वापरतो, त्यामुळे मंदीत भागांचे आणि दुरुस्तीचे काम बहुधा कमी होत नाही, उलट वाढते. आपल्या वडिलांच्या हिशेबातून मागच्या पाच वर्षांचा हा एक आकडा काढा. व्यवसायाची प्रकृती कशी आहे, हे दुसऱ्या कोणत्याही कागदापेक्षा तो जास्त खरेपणाने सांगेल.

सुट्या भागांचा काउंटर ही या व्यवसायाची खरी शाळा आहे. ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडण्याची थ्री पॉइंट लिंकेज घ्या. कॅटेगरी १ च्या अवजाराच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ मिलिमीटरची असते. कॅटेगरी २ मध्ये त्याच पिना २८ आणि २५ मिलिमीटरच्या होतात. बारीक पिन मोठ्या भोकात बुश न घालता बसवली तर अवजार डुलते, भोक अंडाकृती होते आणि काही दिवसांत जोडदांडाच बदलावा लागतो. ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद अवजाराला पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याचे, म्हणजे पीटीओ शाफ्टचेही तसेच. मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या शाफ्टला ६ दाते असतात, तर त्याच जाडीच्या १००० फेऱ्यांच्या शाफ्टला २१. किंवा शिअर बोल्ट पाहा. अवजारात दगड अडकला की गिअरबॉक्स वाचावा म्हणून मुद्दाम तुटण्यासाठीच तो बसवलेला असतो. तो वारंवार तुटतो म्हणून त्याच्या जागी जास्त कडक बोल्ट देणारा विक्रेता गिऱ्हाइकाचा गिअरबॉक्स फोडायला मदत करत असतो. चांगला काउंटरवाला भाग हातात देण्याआधी यंत्राचा अनुक्रमांक विचारतो, जुना भाग पाहायला मागतो आणि तो कसा तुटला हे विचारतो. एवढे विचारले की चुकीचा भाग घेऊन शेतापर्यंत जाऊन परत येण्याची गिऱ्हाइकाची अर्ध्या दिवसाची फेरी वाचते.

हंगामापूर्वीची मागणी नोंदवताना अंदाजावर जाऊ नये. मागच्या तीन-चार हंगामांत कोणता भाग कोणत्या आठवड्यात किती गेला याची नोंद असेल, तर बेल्ट, बेअरिंग, ऑइल सील, कापणी पात्यांचे तुकडे, हायड्रॉलिक नळ्या आणि फिल्टर यांची यादी जवळजवळ आपोआप तयार होते. स्वस्त आणि वारंवार लागणारा भाग कधीही संपता कामा नये. महागडा आणि क्वचित लागणारा भाग मात्र कंपनीच्या किंवा शेजारच्या विक्रेत्याच्या गोदामातून किती तासांत येतो हे माहीत असले म्हणजे पुरे. वर्षभर न हललेला माल म्हणजे फडताळात अडकलेले खेळते भांडवल, आणि कंपनीच्या परतीच्या योजनेची तारीख उलटण्याआधी तो बाहेर काढावा.

कार्यशाळेबद्दल एकच आग्रह धरतो : भाग का निकामी झाला हे समजल्याशिवाय नवा भाग बसवायचा नाही. निकामी बेअरिंग कापडाने पुसून उजेडात धरा. त्याची कडी निळसर झाली असेल तर ते वंगणाविना किंवा जास्त ताणाने तापले आहे. गोळ्यांच्या वाटेवर गंजाचे डाग असतील तर सील गळून पाणी आत गेले आहे. एकाच बाजूला झीज असेल तर शाफ्ट वाकडा किंवा बसवणी तिरपी आहे. हे न पाहता नुसते नवे बेअरिंग ठोकणाऱ्या मिस्त्रीचे काम पुन्हा दारात येते, आणि दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक पैसे देताना कुरकुर करते ते योग्यच असते. असा पारखी मिस्त्री घडायला वर्षे लागतात. म्हणून काम नसलेल्या महिन्यांत त्याला घरी बसवणे हा सर्वांत महागडा काटकसरीचा उपाय ठरतो. त्या महिन्यांत गिऱ्हाइकांची यंत्रे ठरावीक रकमेत तपासून देण्याची योजना चालवावी. यंत्र शेडमध्ये असताना सापडलेला दोष शेतकऱ्याला परवडतो, कारागिराला हाताला काम मिळते आणि सुगीतली धावपळ तेवढी कमी होते.

जुन्या यंत्रांच्या अदलाबदलीत अनेक घराणी बुडाली आहेत, म्हणून यावर थोडे जास्त लिहितो. नवा ट्रॅक्टर घेताना गिऱ्हाईक जुना देऊ करते आणि त्याची किंमत आपल्याला काही मिनिटांत सांगायची असते. इंजिन थंड असताना पाहणे पहिले. मालकाने आधीच सुरू करून गरम ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड इंजिन सुरू व्हायला किती वेळ घेते, धूर निळा येतो की पांढरा आणि तो किती वेळात निवळतो, ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून वाफारा जोराने बाहेर पडतो का, एवढ्यावरून सिलिंडरची अवस्था बरीच कळते. इंजिन सुरू करण्याआधी रेडिएटरचे झाकण काढून तेलाचा तवंग पाहावा आणि डिपस्टिकवरचे तेल दुधाळ नाही ना हे बघावे. नंतर लिफ्टवर जड अवजार उचलून इंजिन बंद करावे. ते झपाट्याने खाली येऊ लागले तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे. पीटीओचे दाते पिळवटलेले आहेत का, पुढच्या धुऱ्याला किती खेळ आहे, लोडर लावलेल्या ट्रॅक्टरच्या क्लच हाउसिंगपाशी नवा रंग का मारला आहे, हेही हाताने चाचपून पाहावे, कारण ताज्या रंगाखाली अनेकदा तडा असतो. तासमापकावर एकट्यावर विसंबू नये. जुन्या यांत्रिक मापकात इंजिनाच्या ठरावीक वेगावरच पूर्ण तास मोजला जातो, त्यामुळे मंद वेगावर खूप चाललेल्या ट्रॅक्टरचे तास कमी दिसतात. पेडलवरची झिजलेली जाळी आणि आसनाची अवस्था त्या मापकाशी जुळते का, हे पडताळावे.

किंमत सांगताना हिशेब उलट्या बाजूने करावा. हा ट्रॅक्टर आपण किती रकमेला विकू शकू, त्यातून दुरुस्तीचा खर्च, तो विकेपर्यंतचे व्याज आणि थोडा नफा वजा जाता जे उरेल तीच त्याची किंमत. नव्याची विक्री हातची जाऊ नये म्हणून जुन्याची किंमत फुगवली की नव्यावरचा नफा अंगणात गंजत उभा राहतो. विक्री विभागातल्या माणसाला हे पटवणे कठीण जाते, कारण त्याचे कमिशन नव्या यंत्रावर असते. म्हणून जुन्याची किंमत ठरवण्याचा अखेरचा अधिकार त्या माणसाकडे न ठेवता मालकाकडे किंवा कार्यशाळेच्या प्रमुखाकडे ठेवावा.

उधारीविषयी सरळ सांगतो. शेतकऱ्याच्या हाती पैसा पीक विकल्यावर येतो, त्यामुळे उधार द्यावेच लागते. पण परतफेडीची तारीख पीक बाजारात जाण्याच्या वेळेशी जोडलेली आणि लिहून घेतलेली असावी. जुनी बाकी मिटल्याशिवाय नव्या हंगामाची उधारी उघडायची नाही, हा नियम नातेवाइकांनाही लावावा. दुसऱ्या बाजूला कंपनी आपल्याला यंत्रे उधारीवर देते. काही महिने व्याज नसते, मुदत संपली की ते सुरू होते, आणि तेव्हापासून न विकलेले प्रत्येक यंत्र रोज पैसे खात असते. चांगल्या वर्षात कंपनीचे प्रतिनिधी मोठी मागणी नोंदवायला आग्रह करतात. त्या वेळी मागच्या वाईट वर्षातली विक्री डोळ्यांसमोर ठेवून आकडा द्यावा.

कंपनीशी असलेल्या नात्याबाबत इतिहासातल्या दोन घटना मी नव्या माणसाला नेहमी सांगतो. हॅरी फर्ग्युसन यांनी थ्री पॉइंट लिंकेज आणि तिचे हायड्रॉलिक नियंत्रण विकसित केले आणि १९३८ मध्ये हेन्री फोर्ड यांच्याशी केवळ हस्तांदोलनावर करार केला. त्यातून १९३९ मध्ये जो फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर आला, त्याने हलक्या ट्रॅक्टरचे रूपच बदलून टाकले. पण फोर्ड यांच्या नातवाच्या हाती कारभार गेल्यावर १९४७ मध्ये हा करार संपला आणि फोर्ड कंपनीने विक्रीसाठी वेगळी यंत्रणा उभी केली. फर्ग्युसन यांनी त्यावर भरलेला खटला १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरच्या तडजोडीवर मिटला. दुसरी घटना १९८५ ची. अमेरिकेतील शेतीसंकटाच्या त्या काळात इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीचा शेती यंत्रांचा विभाग टेनेको कंपनीने विकत घेतला आणि आपल्या मालकीच्या जे. आय. केस या ट्रॅक्टर कंपनीत मिळवला. एकाच गावात दोन्ही कंपन्यांचे विक्रेते होते तिथे दोघांपैकी एकालाच जागा उरली, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकच नाव लावलेल्या अनेक कुटुंबांची विक्रेतेपदे गेली. यात त्या कुटुंबांच्या कामाचा दोष नव्हता.

म्हणून दारावरची पाटी कंपनीची असली तरी गिऱ्हाइकांची नोंद, कारागीर आणि शक्य असेल तर जागा आपली असावी. मुख्य कंपनीच्या मालाशी स्पर्धा न करणारी एखादी दुसरी ओळ, जसे फवारणी यंत्रे, पंप किंवा ट्रेलर, जोडीला ठेवावी. आणि विक्रेतेपदाचा करार स्वतः वाचावा. बहुतेक करारांत मालकी बदलताना कंपनीची लेखी संमती लागते. वडिलांच्या पश्चात विक्रेतेपद मुलांकडे आपोआप येते, ही समजूत अनेक घरांत असते आणि ती बहुधा चुकीची ठरते.

यंत्रांमध्ये संगणक शिरल्यापासून दुरुस्तीचा अधिकार कोणाचा, हा वाद जोरात आहे. दोष शोधण्याची सॉफ्टवेअर साधने केवळ विक्रेत्याकडे राहिली तर शेतकरी शेतात उभे राहून विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहत बसतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून शेती यंत्रांच्या मालकांना माहिती, साधने आणि भाग मिळण्याचा हक्क दिला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. माझ्या व्यवसायातल्या अनेकांना यात तोटा दिसतो. मला दिसत नाही. ज्याला फिल्टर, सेन्सर किंवा बेल्ट स्वतः बदलता येतो तो भाग आपल्याकडूनच घेतो, आणि सुगीत आपल्या मोजक्या कारागिरांचे हात अवघड कामाला मोकळे राहतात. माहिती अडवून राखलेले गिऱ्हाईक संधी मिळताच दुसरीकडे जाते.

सुरक्षिततेवर माझे मत कठोर आहे आणि ते बदलणार नाही. मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरणारा पीटीओ शाफ्ट सेकंदाला ९ फेऱ्या घेतो. सैल बाही किंवा ओढणीचे टोक त्यात अडकले तर माणसाला हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण ग्रीस भरताना अडचणीचे होते म्हणून काढले जाते, मग ते शेडच्या कोपऱ्यात पडून राहते, आणि यंत्र दुरुस्तीला येते तेव्हा ‘आले तसेच दिले’ म्हणून परत जाते. आमच्या कार्यशाळेतून आवरणाशिवाय शाफ्ट बाहेर जात नाही. गिऱ्हाइकाला नको असेल तर आम्ही ते काम घेत नाही. ट्रॅक्टर उलटल्यावर चालकाला वाचवणाऱ्या चौकटीचेही तसेच. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना ती सक्तीची केली आणि तिथले उलटून होणारे मृत्यू पुढच्या काळात अगदी थोडे उरले. शेड बुटकी आहे म्हणून चौकट कापून मागणाऱ्याला दुमडती चौकट सुचवावी, पण कापून देऊ नये. ही माणसे वर्षानुवर्षे आपल्या दारात येतात, त्यांची मुले आपल्या ओळखीची असतात, आणि सुरक्षिततेत मुरड घालून केलेली विक्री मला कधीच विक्री वाटली नाही.

राहिला कुटुंबाचा प्रश्न, आणि माझ्या पाहण्यात चांगले चाललेले व्यवसाय इथेच जास्त मोडतात. घरातल्या प्रत्येकाचे काम, अधिकार आणि पगार ठरलेला असावा, आणि पगार त्या कामासाठी बाहेरच्या माणसाला जेवढा दिला असता तेवढाच असावा. गल्ल्यातून घरखर्चाला पैसे उचलण्याची सवय असेल तर ती पहिल्या दिवशी बंद करावी, कारण तिच्यामुळे नफा कळत नाही आणि भावंडांत संशय वाढतो. जागा आणि इमारत व्यवसायापासून वेगळी ठेवून व्यवसायाने तिचे रीतसर भाडे द्यावे; म्हणजे व्यवसायात न येणाऱ्या भावंडाला जागेत वाटा देता येतो आणि दुकान चालवणाऱ्याचे भांडवल वाटणीत फुटत नाही. दोघेही आलात तर एकाने विक्री आणि एकाने कार्यशाळा व भाग सांभाळावे, आणि मतभेद झाल्यास ज्याचा विभाग त्याचा शब्द अखेरचा असावा. कारागिरांसमोर वाद घालू नये. वडिलांनी हात केव्हा काढून घ्यायचा याची तारीख त्यांच्याच तोंडून आणि ते धडधाकट असतानाच ठरवून घ्यावी. त्यानंतरही त्यांना काम हवे असते. जुन्या गिऱ्हाइकांच्या भेटी आणि जुन्या यंत्रांची पारख ही कामे त्यांच्याइतकी चांगली कोणी करत नाही, ती त्यांच्याकडेच ठेवावीत.

आपले शिक्षण वेगळे झाले याची चिंता करू नका. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली दोन-तीन वर्षे नोकरी केलेली असेल तर ती इथे उपयोगाचीच पडते, कारण वेळेवर येणे, हिशेब देणे आणि बोलणी ऐकणे या गोष्टी बापाच्या दुकानात शिकवल्या जात नाहीत. रुजू झाल्यावर थेट मालकाच्या खुर्चीत बसू नका. एक पूर्ण वर्ष, म्हणजे पेरणीपासून पुढच्या पेरणीपर्यंत, सुट्या भागांच्या काउंटरवर काढा. त्यानंतर कार्यशाळेत मिस्त्रीच्या हाताखाली राहा, मग वसुलीला जा, आणि नव्या यंत्रांच्या विक्रीला सर्वांत शेवटी हात घाला. त्याआधी या महिन्यातच तीन कागद मागून घ्या : मागच्या पाच वर्षांचा विभागवार नफा-तोटा, न हललेल्या मालाची तारखेनिशी यादी आणि विक्रेतेपदाचा करार. वडील ते आनंदाने काढून देत असतील तर पुढच्या हंगामाआधी रुजू व्हा. कागद सापडत नसतील किंवा नफा विभागवार मांडलेलाच नसेल, तर आधी एखादा चांगला हिशेबनीस लावून तो मांडून घ्या, आणि तोवर हातातली नोकरी सोडू नका.